ग्राफीनचं स्टिकर लावून फोन थंड होतो का?

सोलापुरात पारा ४२ वर चढला की हा सल्ला हमखास मिळतो: ग्राफीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, तांब्याच्या दहापट उष्णता वाहून नेतं, त्याचं स्टिकर मागे डकवा, फोन थंडगार!

आकडा खोटा नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात अलेक्झांडर बालंदिन यांच्या गटाने तो मोजला: मीटर-केल्व्हिनमागे सुमारे ५००० वॅट (हे उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेचं माप), तांब्याचा ४००. पण ते ग्राफीन खाचेवर अधांतरी ताणलेलं होतं. त्यात उष्णता नेतात ते मुख्यतः इलेक्ट्रॉन नव्हेत, तर कार्बनच्या जाळीची थरथर, म्हणजे फोनॉन. तोच थर सिलिकॉन डायऑक्साइडवर, म्हणजे काचेसारख्या पदार्थावर, टेकवला की थरथर दबते. २०१० च्या मोजणीत आकडा ६०० च्या आसपास आला. त्यात थराची जाडी जेमतेम ०.३३५ नॅनोमीटर. बोळच इतका अरुंद, तर रहदारी कितीशी होणार?

फोनमध्ये ग्राफाइटचे (ग्राफीनचेच थर एकावर एक रचलेला कार्बन) पातळ थर वापरतात हे खरं, पण आतल्या बाजूला, चिपची उष्णता पसरवायला. कव्हरवर चिकटवलेल्या कागदाला तिथवर पोचताच येत नाही. (आणि काळं दिसलं की ग्राफीनच, असंही नाही.) पसरलेली उष्णता शेवटी हवेतच जाते, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच तापलेली. चार्जिंगला लावताना कव्हर काढलंत, तर त्याचा उपयोग जास्त.