उजेड पडला की सुटणारा वायू

मुका मार लागला की कातडी आधी काळीनिळी पडते, मग हिरवट, मग पिवळी. तो हिरवटपणा बिलिव्हर्डिन या रंगद्रव्याचा. साकळलेल्या रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, मोडून ते तयार होतं आणि हीमचा प्रत्येक रेणू मोडताना कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणूही सुटतो. हाच वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून घट्ट चिकटतो आणि बंद खोलीत जीव घेतो. तरीही आपलं शरीर तो रोज थोडा थोडा बनवतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो अल्प मात्रेत रक्तवाहिन्या सैल करतो, दाह आवरतो, असं दिसलं आहे.

मग तो औषध म्हणून का देऊ नये? श्वासातून दिला तर सगळ्या रक्तात पसरतो. हवा असतो फक्त एका जागी, ठरावीक वेळी, मोजून.

उपायाचं बीज फार जुनं आहे. हिमोग्लोबिनच्या लोहाला चिकटलेला हा वायू प्रकाशाने सुटतो, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन हाल्डेन यांनी १८९०च्या दशकातच दाखवलं होतं. पुढे १९२०च्या दशकात जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी या वायूने यीस्टचं श्वसन रोखलं आणि उजेड पाडून पुन्हा सुरू केलं. मला हा प्रयोग विज्ञानातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो.

आज रसायनशास्त्रज्ञ हेच मुद्दाम घडवतात. मँगनीज, ऱ्हेनियम किंवा रुथेनियमच्या अणूला कार्बन मोनॉक्साइड बांधतात. धातू आपले काही इलेक्ट्रॉन त्या वायूकडे झुकवतो, म्हणून बंध टिकतो. प्रकाश शोषला गेला की इलेक्ट्रॉन रेणूच्या दुसऱ्या भागाकडे सरकतो, पकड ढिली होते आणि वायू निसटतो. कार्बन मोनॉक्साइड सोडणाऱ्या रेणूंना कॉर्म म्हणतात आणि प्रकाशाने तो सोडणाऱ्या अशा संयुगांना फोटोकॉर्म. २००८ साली मँगनीजचं असं एक संयुग मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींना दिलं गेलं. अंधारात त्यांना काही झालं नाही. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडल्यावर मात्र त्या मरू लागल्या.

अडचण इथेच आहे. अतिनील प्रकाश पेशींना स्वतःच इजा करतो आणि शरीरात खोल जात नाही. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा तांबडा आणि त्यापलीकडचा प्रकाश खोलवर जातो, पण त्याच्या प्रत्येक कणात ऊर्जा कमी. तेवढ्यावर तुटेल, पण अंधारात टिकेल असा बंध साधायचा, हे खरं कसबाचं काम.

प्रकाशाचा आणखी एक फायदा मला मोलाचा वाटतो. प्रकाशाशिवाय काम करणाऱ्या कॉर्म-३ या रुथेनियमच्या संयुगाचा जंतुनाशक परिणाम वायूमुळे होतो, असं मानलं जाई. २०१८ साली दिसलं की तो धातूमुळेच होता. फोटोकॉर्ममध्ये ही शहानिशा सोपी होते. पेशींच्या एका ताटलीत संयुग घालून ती अंधारात ठेवायची, दुसरीवर प्रकाश पाडायचा, तिसरीला संयुगाशिवाय नुसताच प्रकाश द्यायचा. पण चौथी ताटलीही हवीच, वायू निघून गेल्यावर उरलेल्या धातूच्या संयुगाची. तिच्यातल्या पेशी सुखरूप राहिल्या, तरच परिणामाचं श्रेय वायूला देता येईल.