एसआरएत 'अपात्र' का येतं? परिशिष्ट-२ साठी कागद जमवण्याआधी हे वाचा

मुंबईत एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची, योजना लागली की वस्तीत सगळी चर्चा बिल्डर कोण आणि भाडं किती यावरच होते, पण घर मिळणार की नाही हे ठरतं परिशिष्ट-२ मध्ये. म्हणजे पात्र-अपात्रांची यादी. ती जमीन ज्याची त्याप्रमाणे महापालिका, म्हाडा किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडचा सक्षम प्राधिकारी बनवतो.

नियम वरवर सोपा आहे. झोपडी १ जानेवारी २००० किंवा त्याआधीची असेल तर ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मोफत. त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर घर मिळतं, पण त्याचे अडीच लाख भरावे लागतात. इथेच खूप लोक स्वतःचं नुकसान करून घेतात, हातात २००४ चं लाईट बिल असतं आणि कुणीतरी सांगतं की दोन हजारच्या आधीचं नाही म्हणजे गेलं, मग ते कागद देतच नाहीत. द्या हो! सशुल्क का होईना, पात्र ठरता.

आता मुख्य अडचण. पुरावा दोन गोष्टींचा लागतो, झोपडी त्या तारखेला होती याचा आणि आज तुम्हीच तिथे राहता याचा. लोक आधार, पॅन, बँक पासबुक, गॅसची पावती अशी जाडजूड फाईल देतात आणि त्यात एकही कागद जुना नसतो, कारण आधारच मुळी २०१० नंतरचं. जुन्यासाठी सगळ्यात चालणारी गोष्ट म्हणजे त्या वेळच्या मतदार यादीचा प्रमाणित उतारा. मतदार ओळखपत्र म्हणजे उतारा नाही, हे कृपया नीट लक्षात घ्या. उतारा निवडणूक नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मिळतो, तिथे यादी भाग क्रमांक नि अनुक्रमांकाने शोधावी लागते म्हणून शेजाऱ्याचा उतारा असेल तर तो बरोबर न्या, तुमचं नाव बहुतेक त्याच पानावर किंवा मागे-पुढे सापडतं.

लाईट बिल जुनं राहिलेलं नसेल तर मीटर कधी बसला याचं पत्र वीज कंपनीकडे मागा. उपनगरात आधी बीएसईएस, मग रिलायन्स, आता अदानी, त्यामुळे लोकांना वाटतं की जुनं रेकॉर्ड गेलं. तरी ग्राहक क्रमांक घेऊन लेखी अर्ज करा, तोंडी विचारलं तर काउंटरवरून परत पाठवतात. फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), जुनी सर्व्हेची पावती, दुकान असेल तर गुमास्ता म्हणजे दुकानाचा परवाना, हेही जोडा.

नावातला फरक हे दुसरं दुखणं. यादीत 'सुनंदा', आधारवर 'सुनंदाबाई', आणि तेवढ्यावर माणूस 'अनिर्णित', म्हणजे ना पात्र ना अपात्र, निर्णय लटकलेला. बायका लग्नानंतर नाव बदलतात हे सगळ्या जगाला माहीत आहे, ऑफिसला दरवेळी नव्याने पटवावं लागतं! दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच करून लावा. झोपडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर मृत्यू दाखला आणि बाकी भावंडांची ना हरकत आत्ताच घ्या, यादी लागल्यावर घरात भांडणं सुरू होतात आणि मग सही कोणी देत नाही.

यादीसाठी झोपड्यांचा सर्व्हे होतो, त्या दिवशी घराला कुलूप नको. गावाला गेला असाल तर घरच्या मोठ्या माणसाला कागदांसकट थांबवा. आणि माळ्यावर वेगळा संसार असला तरी नेहमीच्या योजनेत त्याला वेगळं घर मिळत नाही, तसं आश्वासन कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका.

आधी प्रारूप यादी लागते, हरकतींसाठी. मुदत नोटिशीत लिहिलेली असते आणि ती यादी प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, तुम्ही ती पाहिलीत तेव्हापासून नाही. ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेला कागद कामाला जाणाऱ्या माणसाने नेमका कधी बघायचा हा प्रश्न रास्तच आहे, पण तोपर्यंत कमिटीवाल्यांकडे रोज विचारत राहा आणि वस्तीच्या ग्रुपवर फोटो टाका. नाव दिसलं की झोपडी क्रमांक तुमच्या दारावर रंगवलेल्या नंबराशी जुळवून बघा. 'अपात्र' आलं तर शेऱ्याच्या रकान्यात कारण असतं, त्याच कारणाला उत्तर देणारा कागद जोडा, पुन्हा तीच फाईल देऊन काही होत नाही. अंतिम यादीतही तेच राहिलं तर अपील आहे, त्यालाही मुदत असते.

नाव घालून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, मूळ कागद तर मुळीच नाही. प्रती द्या, आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.