संघरचना (फुटबॉल)

मैदानावरील अकरा खेळाडूंपैकी कोणी कुठे उभे राहावे, चेंडू मिळाल्यावर कोणी पुढे सरकावे आणि तो गमावताच कोणी कोणाची जागा भरून काढावी, याविषयी संघाने आधी ठरवून घेतलेली मांडणी म्हणजे संघरचना. ती आकड्यांत सांगतात. गोलरक्षक सोडून उरलेल्या दहा जणांची मोजणी स्वतःच्या गोलपासून सुरू होत असल्याने ४-४-२ म्हणजे चार बॅक (बचाव करणारे), चार हाफ (मध्यक्षेत्रातले) आणि दोन फॉरवर्ड (पुढे राहून गोल करणारे). हे आकडे मुख्यतः चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असतानाचे चित्र दाखवतात. चेंडू ताब्यात आला की दोन्ही कडांचे बॅक पुढे जातात आणि तीच मांडणी वेगळी दिसू लागते. त्यामुळे रचना खरी कळते ती कामांच्या वाटणीवरून.

आरंभीच्या काळात २-३-५ ही रचना रूढ होती. चेंडूच्या पुढे उभ्या असलेल्या खेळाडूला पास देण्यावर मर्यादा घालणारा ऑफसाइडचा नियम १९२५ साली सैल झाला : पुढे गेलेल्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्धी संघाचे तिघे असावे लागत, ते दोघे असले तरी चालू लागले. गोल वाढले, तेव्हा मधल्या हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मध्ये उभे करण्यात आले. आपल्याकडे ‘स्टॉपर’ म्हणतात तो हाच. लंडनच्या आर्सेनल क्लबचे प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांनी या बदलातून घडवलेली, इंग्रजी डब्ल्यू आणि एम या अक्षरांच्या आकाराची ‘डब्ल्यू-एम’ रचना पुढे अनेक वर्षे प्रमाण मानली गेली. तिचा दुबळेपणा २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड-हंगेरी सामन्यात उघडा पडला. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड नांदोर हिदेगकुटी पुढे न थांबता मागे मध्यक्षेत्रात येऊन खेळला. त्याच्या मागे जावे तर गोलसमोर वाट मोकळी होते, जागेवर थांबावे तर तो निवांत चेंडू घेतो, या पेचातून इंग्लंडच्या स्टॉपरला अखेरपर्यंत सुटता आले नाही. हिदेगकुटीने तीन गोल केले आणि हंगेरीने सामना ६-३ असा जिंकला. १९५८ मध्ये ब्राझीलने ४-२-४ रचनेने विश्वचषक मिळवला. आजच्या ४-३-३ आणि ४-२-३-१ या मांडण्यांत मध्यक्षेत्रातली माणसे वाढली आहेत.

सर्वांत कमी दिसणारे आणि सर्वांत मोलाचे काम बचावाकडे लक्ष ठेवणाऱ्या मधल्या हाफचे असते. उजवा बॅक चेंडू घेऊन कडेने धावत सुटला की हा हाफ मान वळवून मागची मोकळी जागा पाहतो आणि चार-सहा पावले तिरके मागे येऊन ती झाकतो. या पावलांना टाळी मिळत नाही; पण ती पडली नाहीत तर प्रतिस्पर्ध्याचा एक लांब पास थेट गोलपाशी पोहोचतो.

नागपूर आणि कामठीच्या मैदानांवर जुन्या खेळाडूंच्या तोंडी ‘लेफ्ट आउट’, ‘राइट आउट’ (डाव्या आणि उजव्या कडेचे फॉरवर्ड) हे शब्द अजून येतात. ते २-३-५ च्या काळातले आहेत. रचना गेली, नावे राहिली. इथल्या काळ्या मातीचाही रचनेशी संबंध आहे. पावसाळ्यात चिखलात बूट रुततो, जमिनीलगतचा पास अर्ध्यातच थांबतो, आणि छोट्या पासांवर उभी असलेली ४-३-३ चालेनाशी होते; अशा वेळी लांब चेंडू मारून त्यावर झेपावणारे दोन फॉरवर्ड ठेवणे शहाणपणाचे ठरते. मे महिन्यात तीच जमीन दगडासारखी होते, चेंडू गुडघ्याच्या वर उसळतो, आणि उन्हाच्या तडाख्यात नव्वद मिनिटे प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जाणारी रचना कोणत्याही संघाला झेपत नाही.

हाताशी असलेल्या माणसांप्रमाणे कामे बदलण्याचे उत्तम भारतीय उदाहरण १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांतले आहे. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम झाली होती, तरी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना फॉरवर्ड म्हणून उतरवले. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले, त्यात एक गोल जर्नेलसिंग यांचा होता.

विजय बारसे यांनी नागपुरात उभ्या केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलच्या चळवळीतली मुले बेघरांच्या विश्वचषकात खेळली आहेत. तिथे मैदानावर प्रत्येकी चारच खेळाडू असतात. गोलरक्षक सोडला तर उरतात तिघे, आणि त्यांच्यातला एक पुढे गेला की मागे थांबणारा कोण, हे दर काही क्षणांनी नव्याने ठरवावे लागते.