जेओएस आणि एमओएस : जूमलाच्या वेगळ्या चुलीची पार्श्वभूमी

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शाळेची बंद पडलेली वेबसाइट पुन्हा उभी करायचं काम गेल्या महिन्यात माझ्याकडे आलं. शाळेकडे २००६ ची एक सीडी होती, तिच्यावर सगळ्या फाइली आणि डेटाबेसचा बॅकअप. बॅकअप उघडला तर प्रत्येक टेबलाच्या नावाआधी ‘जेओएस’ ही तीन रोमन अक्षरं. आणि पीएचपी या वेबसाइटी लिहायच्या भाषेतल्या फाइलींच्या सुरुवातीला, कुणी आडमार्गाने आत शिरू नये म्हणून जी राखणीची ओळ असते, तिच्यात मात्र ‘एमओएस’. एकाच घराच्या दारावर दोन आडनावं. त्या काळात ज्यांनी या गावात वेबसाइटी बनवून पोट भरलं, त्यांना एवढ्यावरून साल ओळखता येतं. साइट होती जूमलावर चालणारी. जूमला म्हणजे वेबसाइट सांभाळायचं सॉफ्टवेअर, आणि ते मॅम्बो नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेलं.

एमओएस म्हणजे मॅम्बो ओपन सोर्स. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातल्या मिरो नावाच्या कंपनीने २००० साली आपल्या ग्राहकांसाठी वेबसाइट सांभाळायचं एक सॉफ्टवेअर तयार केलं. प्रत्येक पान हाताने लिहून एफटीपीने, म्हणजे फाइल जशीच्या तशी सर्व्हरवर पाठवून, चढवण्यापेक्षा मजकूर डेटाबेसमध्ये ठेवायचा, दिसणं टेम्प्लेटमध्ये ठेवायचं, आणि मजकूर बदलायला ब्राउझरमधूनच एक मागचं दार द्यायचं, ही त्यामागची कल्पना. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, कंपनीने त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला. हा परवाना मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये पहिल्यांदा आणला होता. वापरा, बदला, वाटा. फक्त वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्या, एवढीच त्याची अट. एकदा दिलेला हक्क परत मागता येत नाही, हा त्यातला कळीचा भाग, आणि पुढचं सगळं रामायण त्यावरच उभं आहे.

खुला झाल्यावर मॅम्बो कंपनीच्या हातात तेवढा राहिला नाही. ठिकठिकाणचे लोक त्यात कोड घालू लागले, भाषांतरं करू लागले. २००४-०५ पर्यंत तो पीएचपीच्या जगातला मोठा गडी झाला होता. आपल्याकडे तो आला तो स्वस्त लिनक्स होस्टिंगच्या पाठीवर बसून. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्येच सुरू झालेलं, आणि आम्ही सीताबर्डीवरच्या एका गाळ्यात तिघं मिळून भारनियमनाची वेळ सांभाळून फाइली चढवत होतो. फ्रंटपेज या पानं बनवायच्या जुन्या प्रोग्रामात बनवलेल्या साइटीत सूचना बदलायची असली की शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन यायचा. मॅम्बो बसवून दिलं की लेखनिक स्वतःच सूचना टाकायचा. आमचं उत्पन्न त्यामुळे घटलं, हेही सांगून टाकतो.

मग २००५ चा ऑगस्ट आला. मिरोने मॅम्बो फाउंडेशन नावाची संस्था काढली. प्रकल्पाची मालकी आणि कायदेशीर बाजू तिच्याकडे जाणार होती. रोज कोड लिहिणाऱ्या गटाचं म्हणणं असं की ही मांडणी आम्हाला न विचारता झाली आणि निर्णय कंपनीच्याच मुठीत राहिले. १७ ऑगस्टला अँड्र्यू एडी यांच्या पुढाकाराने हा मुख्य गट बाहेर पडला. जाताना त्यांनी ‘ओपन सोर्स मॅटर्स’ या नावाने एक जागा उघडली, तिथे सगळ्यांसाठी पत्र लिहिलं, आणि एका दिवसात हजाराच्या आसपास लोक तिथे येऊन नोंदले गेले. खुल्या सॉफ्टवेअरला कायदेशीर मदत करणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरचा सल्लाही त्यांनी घेतला.

आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी होते, आणि भांड्यांवरून तंटा होतो. इथे भांड्यांवरून तंटा होण्यासारखं काही नव्हतंच. कोड जीपीएलखाली असल्यामुळे जाणारे तो अख्खाच्या अख्खा सोबत नेऊ शकत होते, आणि राहणाऱ्यांकडेही तो तसाच राहत होता. नाव तेवढं नेता येत नव्हतं. ‘मॅम्बो’ हा ट्रेडमार्क होता, आणि ट्रेडमार्कला जीपीएल लागू होत नाही. माझ्या मते या प्रकरणातला खरा धडा शिकायला लोकांना फार वेळ लागला. कोड कुणाचा, हा प्रश्न परवान्याने सोडवला होता; नाव कुणाचं, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. जूमलावाल्यांनी मात्र नवं नाव न्यूयॉर्क राज्यात नोंदवलेल्या आपल्या ना-नफा संस्थेकडे ठेवलं. चटका बसला होता ना.

नवं नाव १ सप्टेंबर २००५ ला जाहीर झालं : जूमला. स्वाहिली भाषेतल्या ‘जुमला’ या शब्दावरून, अर्थ ‘सगळे मिळून’. इंग्रजांना उच्चार जमावा म्हणून स्पेलिंग लांबवलं. स्वाहिलीत तो शब्द अरबीतून गेला, आणि अरबीतूनच फारसीच्या वाटेने तो आपल्याकडेही आला होता. जुन्या मराठी हिशेबात ‘जुमला’ म्हणजे एकूण बेरीज. आमच्या पहिल्या ग्राहकाला हे नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, जुमला म्हणजे वाक्य ना हिंदीत? वेबसाइटचं नाव वाक्य कसं?” आज सांगितलं असतं तर तो आणखी वेगळ्या कारणाने हसला असता.

पहिली आवृत्ती, १.०, त्याच सप्टेंबरच्या मध्यावर आली. ती म्हणजे नाव बदललेलं आणि थोड्या चुका दुरुस्त केलेलं मॅम्बोच. टेबलांची ‘एमओएस’ची ‘जेओएस’ झाली, म्हणजे एकच अक्षर हललं. राखणीच्या ओळीत जुनं नाव तसंच राहिलं. जोडकार्यक्रमांच्या फोल्डरचं नावही ‘मॅम्बॉट्स’च. नव्या घरात जुन्या घराची पाटी अशी दोन वर्षांहून जास्त लटकत राहिली. २२ जानेवारी २००८ ला १.५ आली तेव्हा ‘मॅम्बॉट्स’चं ‘प्लगिन’ झालं आणि आतली बांधणी नव्याने केली गेली.

मराठीसाठी मोठी गोष्ट याच १.५ मध्ये होती. तोवर सगळा कारभार पश्चिम युरोपच्या अक्षरसंचावर चालायचा. साइटच्या इंग्रजी भाषा-फाइलीत एक ओळ होती, ती बदलून ‘यूटीएफ-८’ (सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरपद्धत) केली की पानावर देवनागरी नीट दिसायची. आम्ही सगळे तेच करायचो आणि स्वतःला हुशार समजायचो. डेटाबेस मात्र आपण पश्चिम युरोपची अक्षरं साठवतोय याच समजुतीत असायचा. एका पतसंस्थेची साइट दुसऱ्या होस्टवर हलवली आणि सगळ्या पानांवर माथ्यावर रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याला चिकटून नाण्यासारखं एक चिन्ह, अशी रांग लागली. सोबतचा पोरगा म्हणाला, “अक्षरं कुठं गेली बे?” अक्षरं तिथेच होती, वाचणारा चुकत होता. दुरुस्तीला दोन रात्री लागल्या. १.५ पासून यूटीएफ-८ मूळ व्यवस्थेतच आलं आणि ती एक ओळ बदलायची गरज संपली.

त्यानंतरचा इतिहास जास्त सरळ आहे. २०११ च्या जानेवारीत १.६ आली, कोणाला काय बदलता येईल हे बारकाईने ठरवायची सोय आणि हव्या तितक्या खोल उपवर्गांची सोय तिच्यात होती. त्याआधी विभाग आणि वर्ग अशा दोनच पायऱ्या होत्या. पण १.५ वरून पुढे जाणं म्हणजे बटण दाबून होणारं काम नव्हतं, बिऱ्हाड हलवण्यासारखं होतं, आणि माझ्या ओळखीतले कितीतरी लोक तिथूनच वर्डप्रेसकडे वळले. वर्डप्रेसही वेगळ्या चुलीतूनच आलेलं. ‘बी-२’ नावाचा प्रकल्प थंडावला म्हणून मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये त्याचा कोड घेऊन ते सुरू केलं. आज जगातल्या दर पाच साइटींपैकी दोनहून अधिक त्याच्यावर चालतात. २०२४ मध्ये त्याच्याही घरात ट्रेडमार्कवरून वाद होऊन कोर्टात गेला. म्हणजे पुन्हा नावच. मॅम्बो केव्हाच थंडावला. जूमलाची ४.० मात्र १७ ऑगस्ट २०२१ ला आली, घर सोडल्याच्या बरोब्बर सोळाव्या वर्षी, त्याच तारखेला.

आता त्या शाळेच्या सीडीकडे. तिच्यात कुणी भाषा-फाइलीतली ओळ बदललेली नव्हती. अशा वेळी ब्राउझर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह आकड्यात पाठवतो : ‘न’ म्हणजे &#२३४४; अशी सात जागांची लांबण. ‘नागपूर’ एवढं लिहायला बेचाळीस जागा. मथळ्याचा रकाना शंभर जागांचा, म्हणजे चौदा चिन्हांत खेळ खल्लास. आकड्यांची परत अक्षरं करायला छोटी स्क्रिप्ट पुरली. २००६ मधल्या एका मथळ्याचं मात्र ‘गणेशोत्सवानिमि’ एवढंच हाती लागलं. मी शाळेत फोन करून विचारलं, पुढे काय होतं? लेखनिक नवे होते, त्यांनी आतल्या खोलीत कुणाला तरी विचारलं आणि परत येऊन म्हणाले, “रांगोळी असेल, नाही तर वक्तृत्व. तुम्ही स्पर्धा लिहून टाका.”