लिंबू गोड लागते तेव्हा जिभेवर काय घडते?

पश्चिम आफ्रिकेत वाढणारे, चिकूच्याच कुळातले एक झुडूप आहे. सिन्सेपॅलम डल्सिफिकम हे त्याचे शास्त्रीय नाव, आणि ‘मिरॅकल फ्रूट’ म्हणून त्याचे फळ जगभर ओळखले जाते. फळ लालभडक, जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर लांब. आत एकच मोठी बी आणि तिच्याभोवती गराचा पातळ थर. हा गर स्वतः फारसा गोड नसतो. मात्र तो थोडा वेळ जिभेवर घोळवून मग लिंबाची फोड चोखली, तर लिंबाचा वास तसाच राहतो, तोंडाला पाणीही सुटते, पण चव लागते ती गोड. स्थानिक लोक जेवणापूर्वी ही फळे चघळतात, हे शेव्हालिए दे मार्शे या फ्रेंच प्रवाशाने १७२५च्या सुमारास टिपून ठेवले होते.

या गुणामागचे प्रथिन, मिरॅक्युलिन, १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले. १९१ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाची खरी करामत २०११ मध्ये जपानी संशोधकांनी उलगडली, आणि ती मला फळाच्या नवलाईपेक्षाही सुंदर वाटते. मिरॅक्युलिन जिभेवरील गोड चव टिपणाऱ्या सूक्ष्म रचनांना, म्हणजे ग्राहींना, घट्ट चिकटून बसते; तोंडात आम्ल नसेल तर ते त्यांना चेतवत नाही, उलट इतर गोड पदार्थांच्या कामात थोडा अडथळाच आणते. आंबट पदार्थ तोंडात येताच मात्र तेच प्रथिन ग्राहींना चेतवते आणि मेंदूकडे गोडीचा संदेश जातो. लाळेने आम्ल सौम्य झाले की गोडी ओसरते, पुढच्या घोटाला पुन्हा उमटते. हा खेळ साधारण तासभर चालतो.

मग आंबटपणा जातो कुठे? तो कुठेच जात नाही. गुडमार या वेलीच्या पानांतील जिम्नेमिक आम्ले गोडीची जाणीव काही काळ बोथट करतात; मिरॅकल फ्रूटनंतर त्यांचा वापर केला असता गोडी नाहीशी झाली आणि दबलेला आंबटपणा पुन्हा जाणवू लागला, असे १९७०च्या दशकातील प्रयोगांत दिसले. म्हणजे आंबट चव पुसली जात नाही, गोडी तिला झाकते. लिंबातले आम्लही तसूभर कमी होत नाही, त्यामुळे गोड लागतात म्हणून एकामागून एक फोडी खाल्ल्या, तर दातांच्या एनॅमलला आणि पोटाला त्याचा त्रास नेहमीइतकाच होतो.