तणनाशक मारलं तरी गवत उभंच? डोस वाढवायच्या आधी हे वाचा

फवारून पंधरा दिवस झाले तरी गवत हिरवंगार, म्हणजे औषध डुप्लिकेट असणार, असं आमच्याकडे येणारे बरेच जण धरूनच चालतात. कधीकधी असतंही तसं! पण आधी शेतात वाकून बघा. जिवंत गवत सरळ पट्ट्यात असेल तर नोझल तुंबलं असेल नाहीतर पट्टा सुटला असेल, आणि गवत मोठं झाल्यावर किंवा पाण्याचा ताण असताना फवारलं तरी ते अर्धवटच मरतं. मात्र मेलेल्या रोपाला खेटून त्याच जातीचं, तेवढंच रोप मजेत उभं असेल तर त्या गवतात औषधाला दाद न देण्याची ताकद (प्रतिकारशक्ती) आल्याची शंका घ्या. क्लोडिनाफॉप (गव्हातलं गवत मारायचं तणनाशक) लागलेल्या रोपाचा पोंगा, म्हणजे मधलं कोवळं गुंडाळलेलं पान, ओढला की अलगद हातात येतो, बुडाशी तपकिरी कुजका असतो. औषध न लागलेल्याचा पोंगा घट्ट.

असं दाद न देणारं गवत एकच दिसतं पण त्यात प्रकार असतात. काहींमध्ये औषध ज्या एन्झाइमवर बसतं त्याची जागाच बदललेली असते, मग औषध चिकटणार कुठे, तिथे डबल डोसही बहुतेक वेळा वायाच जातो आणि वर पिकाला शॉक बसतो तो वेगळाच. दुसरे प्रकार औषध सरळ पचवून टाकतात. गहू स्वतः आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक असंच पचवतो, आणि 1990 च्या दशकात पंजाब-हरियाणातल्या गव्हात गुल्ली डंडा हे गवतही तेच करायला लागलं. आम्हाला या प्रकाराची जास्त धास्ती वाटते, कारण असं गवत कधीच न मारलेलं औषधही पचवू शकतं.

ब्रँड बदलला म्हणजे औषध बदललं असं नाही हो. गट बघा, म्हणजे औषध गवताला कसं मारतं त्यावरून दिलेला नंबर. क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, पिनॉक्साडेन सगळी गट 1 ची, सल्फोसल्फ्युरॉन गट 2, पेंडीमेथालिन गट 3. क्लेथोडिमही गट 1 च, तरी क्लोडिनाफॉपसारख्या ‘फॉप’ औषधांना दाद न देणारे काही प्रकार त्याने मरतात, काही मरत नाहीत (गव्हात मात्र ते मारू नका, गहूच जाईल).

खात्री करायची तर वाचलेल्या रोपांचं पिकलेलं बी आणा, आणि जिथे कधीच फवारलं नाही अशा बांधावरचं त्याच गवताचं बी वेगळं आणा, दोन्ही कुंडीत शेजारी लावून एकाच डोसने फवारायचं. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. बाकीची वाचलेली रोपं बी सांडायच्या आत उपटून शेताबाहेर काढा.