लोण्याचा जागतिक निर्यात व्यापार

दुधातील स्निग्धांश लोणी, बटर ऑइल किंवा निर्जल दुग्धस्निग्धांश अशा रूपांत परदेशी विकण्याचा व्यवहार. कोडेक्स अलिमेंटारियस या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो. पाणी १६ टक्क्यांपेक्षा आणि दुधातील इतर घन पदार्थ २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. युरोपातले बिनमिठाचे लोणी सहसा ८२ टक्क्यांचे असते. जहाजावर चढणारा बराचसा माल २५ किलोच्या खोक्यांत, उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठवलेला असतो आणि तो थेट बेकऱ्या, बिस्किटे, आइस्क्रीम व चॉकलेटच्या कारखान्यांत जातो. दुकानात दिसणारी, छापील कागदातली लादी हा या व्यापाराचा दर्शनी पण लहान भाग आहे. निर्जल स्निग्धांश ९९.८ टक्के शुद्ध असतो, पिंपांत भरून न गोठवताही दूर पाठवता येतो. त्यामुळे शीतगृहांची वानवा असलेल्या देशांत त्याला अधिक मागणी असते.

या व्यापाराचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे त्याचा आटोपशीरपणा. लोणी आणि तूप एकत्र धरले तर जगात सर्वांत जास्त उत्पादन भारतात होते. अमेरिकी कृषी खात्याच्या हिशेबाने ते वर्षाला ६० लाख टनांच्या वर आहे, आणि ते जवळजवळ सगळे इथेच खपते. युरोपीय संघ वर्षाला वीस-बावीस लाख टनांहून अधिक लोणी काढतो, त्यातलेही बहुतेक संघातच संपते. संघांतर्गत विक्री वगळली तर देशोदेशींच्या सीमा ओलांडणारे लोणी साधारण दहा लाख टनांच्या आगेमागे राहते. एवढ्या छोट्या बाजारात एखाद्या मोठ्या देशाने थोडे जास्त मागितले किंवा एखाद्या निर्यातदाराकडे पाऊस ओढला, की भाव हलतात.

दुसरी गोष्ट लोण्याच्या जोडभावाची. एक किलो लोण्यासाठी गाईचे सुमारे २० लिटर दूध लागते, आणि मलई काढून घेतल्यावर मागे उरलेल्या दुधाची भुकटी करावी लागते. म्हणजे लोणी कधी एकटे जन्माला येत नाही. भुकटीचा भाव पडला तर लोणी काढणेही परवडत नाही; तेच दूध चीजकडे वळते आणि लोण्याची टंचाई होते. लोण्याच्या भावाचे कोडे बहुतेक वेळा लोण्यात नसते, चीज आणि भुकटीत असते.

कॉर्कचा बाजार. संघटित लोणी निर्यातीची पहिली मोठी पेठ आयर्लंडमधील कॉर्क. तिथल्या व्यापाऱ्यांची समिती १७६९ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षापासून लोणीबाजार रीतसर सुरू झाला. केरी आणि लिमरिकच्या डोंगराळ भागातले शेतकरी लाकडी पिंपांत खारवलेले लोणी घोड्यांवर, पुढे गाड्यांतून कॉर्कला आणत. ज्या वाटांनी ते येत त्यांना आजही ‘बटर रोड’ म्हणतात. बाजारात प्रत्येक पिंपाची तपासणी होई, तज्ज्ञ चव घेऊन प्रत ठरवी आणि ती प्रत पिंपावर डागली जाई. वेस्ट इंडीजच्या उष्ण बंदरांत आठवड्यांच्या प्रवासानंतर पिंप उघडणाऱ्याला आत काय निघेल याची हमी त्या डागावरून मिळे. एकोणिसाव्या शतकात कॉर्क हा जगातला सर्वांत मोठा लोणीबाजार मानला जात असे. मात्र तिथले लोणी मिठाने जड होते आणि आयरिश गाई हिवाळ्यात आटत. ब्रिटिश शहरांना कमी खारट, वर्षभर एकसारखे लोणी हवे होऊ लागल्यावर कॉर्कची घसरण सुरू झाली. १९२४ मध्ये हा बाजार बंद पडला.

डेन्मार्क. ती जागा डेन्मार्कने घेतली. १८७० च्या दशकात अमेरिकेतून स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले आणि डॅनिश शेतकऱ्याचा गहू मातीमोल झाला. त्याने संरक्षक जकात मागण्याऐवजी तेच धान्य गाईंना घालायचे ठरवले. हिवाळ्यातही गाई दूध देऊ लागल्या. १८७८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल याने सतत चालणारे मलईयंत्र बनवले, आणि १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील हेडिंग या गावात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दुग्धशाळा काढली. मलई काढलेले दूध डुकरांना पाजले जाई, त्यामुळे ब्रिटिशांच्या न्याहारीचे लोणी आणि बेकन दोन्ही एकाच गोठ्यातून निघू लागले. एस्बियर्ग हे बंदर मुख्यतः इंग्लंडकडच्या निर्यातीसाठीच बांधले होते. १९०१ मध्ये निर्यातीच्या लोण्यासाठी ‘लूर’ या प्राचीन कांस्य शिंगाचे सामाईक चिन्ह नोंदवले गेले आणि पुढे काही वर्षांतच ते सक्तीचे झाले. आजच्या ‘लुरपाक’ या नाममुद्रेतले शिंग हेच. ती १९५७ ची. महाराष्ट्रात सहकाराचा इतिहास शिकवताना डेन्मार्कचे नाव हमखास येते, त्याचे मूळ बरेचसे या लोण्यात आहे.

याच काळात नेदरलँड्समधील ऑस गावचे युर्गेन्स आणि फान डेन बेर्ख हे ब्रिटनला लोणी विकणारे दोन प्रतिस्पर्धी व्यापारी १८७० च्या सुमारास लोण्याऐवजी मार्गारिन या कृत्रिम लोण्याकडे वळले. दोघांच्या कंपन्या पुढे एक झाल्या आणि १९२९ मध्ये त्यांतून युनिलिव्हर उभी राहिली. आपल्याकडचा डालडा मुळात त्याच घराण्यातला.

सायबेरियाची कथा अल्पजीवी पण विलक्षण आहे. रेल्वे आल्यावर कुर्गान, ओम्स्क आणि बर्नाउल भागातले लोणी शीतडब्यांतून बाल्टिक बंदरांकडे आणि तिथून ब्रिटन-डेन्मार्ककडे जाऊ लागले. खरेदीदारांत डॅनिश पेढ्या पुढे होत्या. सायबेरियाच्या सोन्याच्या खाणींपेक्षा सायबेरियाचे लोणी रशियाला जास्त सोने मिळवून देते, असे पंतप्रधान स्तोलिपिन यांचे म्हणणे होते. पहिले महायुद्ध आणि क्रांती यांनी हा व्यापार मोडून टाकला. आज रशिया हा लोण्याचा मोठा आयातदार आहे.

न्यूझीलंड. फेब्रुवारी १८८२ मध्ये पोर्ट चाल्मर्सहून ‘डनेडिन’ हे शीतयंत्र बसवलेले शिडाचे जहाज लंडनला निघाले. मुख्य माल गोठवलेले मांस, पण सोबत लोण्याची पिंपेही होती. मे महिन्यात ते पोहोचले आणि जगाच्या दुसऱ्या टोकाचे गवत ब्रिटनच्या पावावर आले. त्याआधी तारानाकी प्रांतात जंगल तोडून गाई पाळणाऱ्यांच्या हाती रोख पैसा नव्हता. च्यू चाँग हा चिनी व्यापारी त्यांच्याकडून कुजक्या ओंडक्यांवर उगवणारी खाद्य बुरशी विकत घेऊन चीनला पाठवी. तिच्या पैशांवर कित्येक कुटुंबे तगली. याच गृहस्थाने १८८७ मध्ये एल्टम येथे लोण्याचा कारखाना काढला. वायकाटोतील पुकेकुरा येथे हेन्री रेनॉल्ड्स याने १८८६ मध्ये ‘अँकर’ ही नाममुद्रा सुरू केली होती. गंमत अशी, की ब्रिटनमध्ये अँकरचे लोणी २०१२ पासून ब्रिटिश दुधाचे बनते.

हा देश ब्रिटनचे लांबचे गोठाघर होऊन बसला होता. त्यामुळे १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला तेव्हा न्यूझीलंडच्या अर्थव्यवस्थेलाच धक्का बसणार होता. प्रवेशकरारात खास तरतूद करून न्यूझीलंडच्या लोण्याला टप्प्याटप्प्याने घटता कोटा दिला गेला, आणि तेवढ्या अवधीत त्या देशाने आशिया, मध्यपूर्व व लॅटिन अमेरिकेत नवी गिऱ्हाइके शोधली. २००१ मध्ये दोन मोठ्या सहकारी संस्था आणि न्यूझीलंड डेअरी बोर्ड यांच्या विलीनीकरणातून फाँटेरा झाली. २०२५ मध्ये तिच्या शेतकरी सभासदांनी अँकरसह ग्राहक नाममुद्रांचा व्यवसाय फ्रान्सच्या लॅक्टॅलिस या दुग्धकंपनीला विकायला मंजुरी दिली, म्हणजे संस्था आता मुख्यतः कारखान्यांना माल पुरवणार. देशातल्या दुधापैकी सुमारे ९५ टक्के दूध कोणत्या ना कोणत्या रूपात निर्यात होते. लोकसंख्या जेमतेम ५० लाखांच्या वर, गाई बारमाही कुरणावर, वासरे जुलै-ऑगस्टला आणि दुधाचा भर ऑक्टोबरात. युरोपात दूध कमी असते तेव्हा इथले भरात असते, हेही पथ्यावर पडले. गवतातील कॅरोटीनमुळे या लोण्याला गडद पिवळा रंग येतो.

लोण्याचा डोंगर. युरोपीय समुदायाने शेतकऱ्याला दुधाचा हमीभाव दिला आणि न विकलेले लोणी सरकारी गोदामांत विकत घेतले. व्हायचे तेच झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यास शीतगृहांत १२ लाख टनांहून अधिक लोणी पडून होते. ते अनुदान देऊन स्वस्तात बाहेर ढकलले जाई. सोव्हिएत संघाला झालेल्या अशा विक्रीवर युरोपातले करदाते चिडले होते. १९८४ मध्ये दूध उत्पादनावर कोटा आला, तो ३१ मार्च २०१५ ला संपला. त्याच वर्षी नैरोबी येथील जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत शेतमालाची निर्यात अनुदाने बंद करण्याचा निर्णय झाला.

या शिलकीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’च्या पहिल्या टप्प्यात जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत युरोपने १ लाख २६ हजार टन दूध भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल भारताला देऊ केले. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईच्या दुग्धशाळांत त्यांचे पुन्हा दूध करून ते विकले गेले आणि आलेला पैसा सहकारी दूध संघ उभारायला वापरला. हीच शिलक थेट बाजारात ओतली असती तर इथला दूधवाला बुडाला असता, हे वर्गीस कुरियन यांनी ओळखले होते. फुकटचे लोणी इतक्या हुशारीने वापरल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

आजचे निर्यातदार. पहिला क्रमांक न्यूझीलंडचा, आणि त्याबाबत वाद नाही. त्याखालची क्रमवारी मात्र कोण कसे मोजतो त्यावर बदलते. युरोपीय देशांची आपापसातली विक्री निर्यात धरली, तर नेदरलँड्स, आयर्लंड, जर्मनी, बेल्जियम, डेन्मार्क आणि फ्रान्स एकापाठोपाठ एक येतात. संपूर्ण संघ एकच घटक धरला, तर तो न्यूझीलंडच्या मागे दुसरा. नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या आकड्यांत बाहेरून आणून, प्रक्रिया करून पुन्हा विकलेला मालही असतो, तेव्हा त्यांची क्रमवारी वाचताना थोडे सावध राहिलेले बरे. फ्रान्स एकीकडे निर्यात करतो आणि दुसरीकडे स्वतःच्या बेकऱ्यांसाठी मोठी आयातही करतो.

आयर्लंडने कॉर्कचा वारसा वेगळ्या वाटेने परत मिळवला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश दूध मंडळाने पुढच्याच वर्षी टोनी ओ’रायली यांच्या नेतृत्वाखाली ‘केरीगोल्ड’ ही नाममुद्रा आधी ब्रिटनमध्ये उतरवली. खुद्द आयर्लंडमध्ये ती बऱ्याच उशिरा आली. हे मंडळ आज ऑर्नुआ या नावाची सहकारी संस्था आहे. जर्मनीत केरीगोल्ड अग्रस्थानी आहे, अमेरिकेत ती दुसऱ्या क्रमांकाची नाममुद्रा झाली. बेलारूसचा माल प्रामुख्याने रशियाला जातो. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपीय खाद्यपदार्थांवर बंदी घातल्यावर त्याचे फावले. अमेरिका उत्पादनात मोठी असूनही निर्यातीत दीर्घकाळ हौशी राहिली. तिथल्या गिऱ्हाइकाला ८० टक्क्यांचे खारट लोणी लागते, तर जगाला ८२ टक्क्यांचे बिनमिठाचे. २०२५ मध्ये तिथले लोणी युरोपापेक्षा बरेच स्वस्त झाले, कारखान्यांनी ८२ टक्क्यांचा माल काढला आणि निर्यात झपाट्याने वाढली. खरेदीदारांत चीन, आग्नेय आशिया, आखाती देश, उत्तर आफ्रिका, मेक्सिको आणि रशिया ठळक आहेत.

भाव. जगाचा भाव बव्हंशी ‘ग्लोबल डेअरी ट्रेड’ या ऑनलाइन लिलावावरून ठरतो. फाँटेराने २००८ मध्ये तो सुरू केला. महिन्यातून साधारण दोनदा होतो. या भावाने अनेकांना घाम फोडला आहे. २०११ च्या अखेरीस नॉर्वेत ओल्या उन्हाळ्याने चारा बिघडला, त्यात कमी कर्बोदके आणि भरपूर स्निग्धांश खाण्याची लाट आली. आयातशुल्क एवढे चढे होते, की बाहेरून माल येईना. ऐन नाताळात दुकाने रिकामी झाली आणि स्वीडनमधून लोण्याची चोरटी आयात होऊ लागली. २०१७ च्या शरद ऋतूत फ्रान्समधल्या सुपरमार्केटांच्या फळ्या रिकाम्या दिसल्या. २०२४ मध्ये युरोपात लोणी टनाला ८,००० युरोच्या वर गेले, आणि डिसेंबरमध्ये पोलंडने भाव आवरण्यासाठी राखीव साठ्यातले सुमारे १,००० टन गोठवलेले लोणी विकायला काढले. मे २०२५ मध्ये लिलावातला भाव टनाला ८,००० डॉलरच्या अगदी जवळ पोहोचला. याचा चटका निर्यातदारांनाही बसतो: न्यूझीलंडमध्ये ५०० ग्रॅमची लादी त्या वर्षी आठ न्यूझीलंड डॉलरच्या वर गेली आणि गवत आमचे, गाई आमच्या, मग लंडन-शांघायचा भाव आम्ही का द्यायचा, अशी ओरड झाली. उत्तर सरळ होते: शेतकऱ्याला तोच भाव बाहेर मिळतो.

भारत. उत्पादनात पहिला असलेला हा देश निर्यातीत किरकोळ आहे. बाहेर जाते ते मुख्यतः तूप, तेही आखाती देश, अमेरिका अशा भारतीय वस्तीच्या ठिकाणी. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर, पण त्याचे लोणी पांढरे असते आणि परदेशी बेकरीला पिवळे, गाईचे लोणी हवे असते. घरचा बाजारही इतका मोठा, की दूध कमी पडल्याच्या वर्षी आयातीची चर्चा सुरू होते आणि दूध उत्पादक लगेच विरोधाला उभे राहतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने आरसेप या आशियाई व्यापार करारातून माघार घेतली, त्यामागे न्यूझीलंडच्या दुग्धपदार्थांची धास्ती हे एक मोठे कारण होते. २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूझीलंडशी ठरलेल्या करारातही दुग्धपदार्थ सवलतींच्या बाहेर ठेवले गेले. आयात लोण्यावरचे ४० टक्के शुल्क कायम राहिले.